फ्यूज

चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठी,
एकतीस वर्षं मी भूमिती शिकवली.
'म्हणून' लिहायला तीन टिंबं पुरतात,
पोरांना सांगत आलो.
आता पंचायतीचा अध्यक्ष आहे
आणि त्या टिंबांनी झोप उडवली आहे.

जॅकवेलवरच्या मोटारींचं तांबं चोरीला जातं.
माघात त्यांनी मारुती हणबराला पहारीनं मारलं.
डावा डोळा तो मिरजेच्या दवाखान्यात ठेवून आला.

चावडीत कुणी म्हणालं, कुंपणात करंट सोडा.
कुणी म्हणालं, करंट बिडरी.
पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणारं गाव
पहिल्यांदाच एका भाषेत बोललं.
भूपाल चौगुले म्हणाला, "सर, हिशेब सोपा हाय.
त्यो येणार. मारुती मरणार, न्हाईतर त्यो.
तिसरं काय उरतंय, सांगा की."
पेपरात लिहिलं असतं तर पूर्ण गुण दिले असते.

आमच्यात दिवस मावळला की जेवत नाहीत.
आई पाणी गाळून झालं की गाळणं
पुन्हा विहिरीत हलकेच खळबळायची,
जीव आपल्या पाण्यात परत जावेत म्हणून.
ते 'म्हणून' वेगळं होतं.

मी सही केली.

तार ओढली. कवटीची पाटी लावली, दोन्ही लिप्यांत.
आणि रोज रात्री साडेनवाला
बॅटरी घेऊन जातो, फ्यूज काढतो, खिशात घालतो,
पहाटे परत बसवतो.
गाव तारेच्या भरवशावर झोपतं.
चोरही, बहुधा, तिच्याच.
अहिंसा राखायला सत्य मोडलं.
पाच व्रतांत अशी अदलाबदल चालते का,
चातुर्मासात महाराजांना विचारणार होतो. विचारलं नाही.
चार महिने एकही मोटार गेली नाही.
भूपाल म्हणतो, "बघा, सिद्ध झालं."

आज अमावस्या. फ्यूज काढून वळलो
तर उसात कुत्रं भुंकलं, आणि मध्येच थांबलं.
मग तार वाजली.
तार वाजली आणि माणूस ओरडला नाही.

जॅकवेलच्या खोलीत मारुती झोपलाय,
उरलेला डोळासुद्धा मिटून,
माझ्या सहीवर विसंबून.
पेटी तीन पावलांवर.
चिनीमातीचा तुकडा अंगठ्याखाली कोमट झालाय.

मी बॅटरी माझ्याच तोंडावर धरतो.
"कोण हाय? मी नेमगोंडा सर."
एकतीस वर्षांत कितीतरी पोरं बसली माझ्यासमोर,
त्यातलाच एखादा असेल.
अंधार श्वास घेतो. उत्तर देत नाही.
एका हातात उजेड आहे.
दुसरी मूठ
अजून उघडलेली नाही.