चाकातला खेळ

बोहरी आळीत मुस्तन्सिरभाईंनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं,
त्यावर पिझ्झाचे पाच कटर मांडले.
मी एकेक उचलून कानाशी धरला, चाक फिरवलं.
पहिल्यात खेळ होता. दुसऱ्यात जास्तच.
तिसरा फिरताना डोलत होता,
वरातीतल्या धाकट्या मामासारखा.
"साहेब, पिझ्झा कापायचाय का घड्याळ दुरुस्त करायचंय?"

भोसरीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेली.
दोन शतांश मिलिमीटरसाठी
अख्खा जॉब भंगारात टाकलेला माणूस मी,
माझ्याच्यानं रिव्हेटवर लुकलुकणारं चाक
दीडशे रुपयांना घेववेना.

मंदाकिनी पिशवी दोन्ही हातांत धरून उभी.
तिचं लक्ष त्या चंद्रकोरीवर,
दोन मुठींच्या, झुलवत कापायच्या.
"ठेवणार कुठे?" मी म्हणालो.
"तुमची व्हर्नियरची पेटी ठेवतो तिथे."

शेवटी चौथा घेतला, त्यातल्या त्यात बरा.
आणि वाढायला त्रिकोणी कलथा,
दांड्याला उगाचच निळ्या प्लास्टिकचा झगा.
लाकडी फळी नको, पोळपाट आहे की, ती म्हणाली.
पावतीवर छापलेलं:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

रविवारी धनकवडीच्या आमच्या दोन खोल्यांत
भाजलेल्या सिमला मिरचीचा वास.
खालच्या मजल्यावरची रेवती
वही परत द्यायच्या निमित्तानं वर आलेली.
मी कटर चालवला.
चाक चीजमध्ये रुतलं
आणि कांद्या-टोमॅटोसकट सगळा मुलूख
एका कडेला ओढत घेऊन गेलं.
जोर लावला, तर पोळपाटच
आपल्या तीन पायांवर गर्रकन फिरला.
रेवती हसली नाही. हसू नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिली.

मंदाकिनीनं खालचा खण उघडला.
करंज्यांचं कातणं.
ब्याण्णव सालच्या दिवाळीत मीच त्याला
गनमेटलचा बुश बसवला होता,
सेकंड शिफ्टला, सुपरवायझर चहाला गेल्यावर.
पितळ काळवंडलंय. चाक अजून आवाज न करता फिरतं.
तिनं नागमोडी रेघा ओढल्या,
चीज मुकाट्यानं बाजूला झालं.
खालची कड मात्र तुटेना.
तेव्हा दुधाच्या पिशव्यांची कात्री घेतली
आणि रेघेरेघेवरून कचाकच.

आठ तुकडे. दोन सारखे नाहीत.
नुसत्या डोळ्यानं सांगतो, लहान-मोठ्यात
दीड सेंटीमीटरचा फरक.
बोललो नाही.
सगळ्यात वाकडा माझ्या ताटात घेतला.
कलथा मात्र बरोब्बर खाली सरकला,
टोकाचा तुकडासुद्धा न मोडता उचलला त्यानं.
झग्यासकट मान्य.

रात्री बाल्कनीत दिव्याखाली बसलोय.
तेलाचा दगड, आणि तो कटर.
एकाच बाजूनं दिलेली धार आहे,
पत्र्याला द्यावी तशी. पावाला नाही चालत.
हळूहळू दुसरी बाजू काढतो.

आत मंदाकिनी कातणं पुसते,
खणात ठेवता ठेवता थांबते,
कानाशी धरून एकदा फिरवते.