निव्वळ वजन

डिचोलीच्या बाजारात काटे दुरुस्त करणारा मी एकटाच,
म्हणून रात्री पावणेदोनला जीप माझ्या दारात.
काटा घ्या, म्हणाले, आणि तुम्हीही चला. पंच म्हणून.
मी वायर गुंडाळत होतो. बायकोने आतून विचारलं,
कोण गेलं?

औद्योगिक वसाहतीतली शेवटची शेड.
पाटीवर अगरबत्तीचं नाव,
आत डोळ्यांना झोंबणारा, मांजराच्या मुतासारखा वास,
निळी पिंपं, खिडक्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या चादरी,
आणि लग्नाच्या पंगतीत असतात तसल्या स्टीलच्या ताटांत
वाळत घातलेली पांढरी पूड.
भिंतीशी कृपेश गांवस. एकाच पायात चप्पल.

ह्याला मी ओळखत होतो.
दोन वर्षांपूर्वी आईचा काटा घेऊन दुकानात आला होता:
किलोमागे वीस ग्रॅम जास्त दाखवतो,
गिऱ्हाइकाला मार बसतो, नीट करा,
आईला सांगू नका, तिला लाज वाटेल.
केमिस्ट्री घेऊन नुकताच बीएस्सी झालेला.
मी मनात म्हटलं होतं, हा पोर उपाशी मरणार.

आधी पितळेचं माप ठेवलं. पाचशे. बरोबर.
मग रिकामी पिशवी, आणि बटन दाबून शून्य.
भांड्याचं वजन धरायचं नसतं.
काजूवाल्यांसाठी, सोनाराच्या भट्टीसाठी, रोज हेच करतो मी.
मग पूड.
सहाशे बारा.
इन्स्पेक्टरने आकडा दोनदा वाचून घेतला, माझी सही घेतली.
पन्नासच्या पुढे कायद्याला सगळं सारखंच जड,
हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

म्हापशाच्या कोर्टात त्याच्या वकिलाने मला तासभर तासलं.
शिक्का कधीचा? बॅटरी किती उरली होती?
पंखा चालू होता ना? वाऱ्याने आकडा हलतो ना?
हलतो, म्हणालो. दोन-चार ग्रॅम.
तेव्हा कृपेशने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात पाहावं तसं.
तिथेही उत्तर नव्हतं.

मालक सापडला नाही.
त्याचा एक बंद नंबर सापडला,
आणि हप्त्यावर घेतलेला एसी.
न्यायाधीशबाई न थांबता वाचत होत्या:
ढवळणारा हातही बनवणाऱ्याचाच हात.
दहा वर्षं सक्तमजुरी. एक लाख दंड,
न भरल्यास आणखी एक वर्ष.
पगार अठरा हजार होता. त्यातले दोन महिन्यांचे थकलेले.

मी कायद्याला नावं ठेवत नाही.
आमच्या आळीतल्या टेंपोवाल्याचा मुलगा
असल्याच एका पुडीनंतर वर्षभर भिंतीशी बोलतोय.
बाप त्याला खाटेला बांधून भाडं मारायला जातो,
दुपारी येऊन भरवतो, पुन्हा बांधतो.
त्या पुडीत जेमतेम अर्धा ग्रॅम असेल.
माझा काटा तेवढं दाखवतही नाही.

बुधवारच्या बाजाराआधी शेवंती आली, कृपेशची आई,
काटा घेऊन. वर्षाचा शिक्का मारायचा होता.
पैसे नकोत म्हटलं तर रागावली. पावती मागितली.
पावती पदरात बांधली, आणि मग विचारलं,
कितलें आशिल्लें तें?
सांगितलं.
तिने टोपलीतली सोलं उचलली, एक ओंजळ, दुसरी,
हाताने अंदाज घेतला, चार पाकळ्या परत टाकल्या,
उरलेली माझ्या काट्यावर ठेवली.
सहाशे दहा.
इतलेंच? म्हणाली. मला नव्हे, काट्याला.

सोलं काढली तरी आकडा शून्यावर येईना.
तीन ग्रॅम दाखवत राहिला.
सोलांना ओल असते, सुकली तरी.
मी फडकं घेतलं.
ती थांबली होती, शून्य होईपर्यंत.