अडीच फूट

आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणारा हर्षल गजभिये
सप्टेंबरात जर्मनीला चाललाय.
गाडी विकली, गिटार चुलतभावाला दिली,
राहिला अडीच फुटांचा बोआ.
"मॅडम, तुम्ही एकट्या राहता. आणि तुम्हाला कशाची किळस नाही."
जशी काही अर्जात ही दोनच कलमं असतात.
अर्ज खरंच आहे म्हणे, वनखात्याचा.
आपली धामण पाळली तर गुन्हा,
परदेशातला पाळायचा तर कागद.

रविवारी बेझनबागेत गेले, नुसतं बघायला.
काचेची पेटी, पाण्याचं भांडं, वाळका ओंडका,
त्यावर तो, सुपारीच्या रंगाचा,
शेपटीकडे विटकरी होत गेलेला,
कोणी घडी घालून ठेवून विसरल्यासारखा.
"इथं बघा," हर्षल म्हणाला, "ह्या दोन नख्या.
कधीकाळी पाय होते."
तांदळाच्या कणीएवढ्या.
सगळं टाकून दिलं ह्या घराण्यानं, एवढं ठेवलं.
माझ्याही ट्रंकेत आहे एक लग्नपत्रिका,
न वाटलेल्या तीनशेंपैकी.

मग त्यानं तो माझ्या हातावर सोडला.

सव्वीस वर्षं धंतोलीत मी लोकांचे दंड बांधते.
मूठ आवळा. तिकडं बघू नका. झालं.
रोज साठ दंड, डेंग्यूच्या दिवसांत शंभरावर.
माझा कोणी बांधला नव्हता.
त्यानं बांधला.
रबरी पट्टीसारखा झटका नाही, घाई नाही,
कोपराच्या वर दोन वेढे, आणि थांबला.
हाताच्या शिरा वर आल्या,
हिरव्या, ठळक,
नवशिक्यालाही सापडाव्यात अशा.

"आवडल्या तुम्ही त्याले," हर्षलची आई चहा ठेवत म्हणाली.
"त्याला कोणी आवडत नाही, आई. हात गरम आहे त्यांचा, बस."
एवढं खरं बोलणारं स्थळ
मला कधी आलं नव्हतं.

घरी येऊन वहीत मांडलं.
उंदीर, गोठवलेला, पंधरा दिवसांला एक.
उष्णता तीस-बत्तीस. ती नागपूर फुकट देतं,
फुकट देतं आणि वर पंधरा जास्तीची देतं.
मे महिन्यात दुपारी दोनला लाइट गेली
तर बंद कूलरसमोर आम्ही दोघं,
एक ओला पंचा,
कोणावर टाकायचा?
आयुष्य: पंचवीस, कधी तीस.
मी चौपन्न.
बेरीज केली, खोडली, परत केली.
फ्लॅट भाच्याच्या नावे आहे.
साप कोणाच्या नावे करतात?

वर्ध्याहून दादाचा फोन.
"साप पाळून राह्यली म्हणे? कुत्रं आण न वं. जीव लावते ते."
मी म्हटलं, गावाच्या नावात नाग, नदीच्या नावात नाग,
पंचमीला पाटावर हळदीनं नाग तूच काढतोस.
"तो चित्रातला आहे," दादा म्हणाला,
"चित्रातला उंदीर खात नाही."
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण कुत्रं दारात वाट बघतं.
तेच नको आहे मला.
दिवसभर साठ माणसं माझा हात पुढे आला की दचकतात;
संध्याकाळी कुलूप उघडताना
कोणी माझ्यासाठी ताटकळलेलं नसावं,
आणि तरी दिवा लावला
की कोपऱ्यात कोणाची तरी जीभ हलावी,
हवेत मी आहे का एवढं पाहण्यापुरती.

काल हर्षलचा मेसेज: मॅडम, काय ठरलं?
लिहिलं: विचार करून राहिली.

ठरलेलं काहीच नाही.
फ्रीजर तेवढा रिकामा केला.
हिवाळ्यात सोलून ठेवलेला अडीच किलो मटार होता.
सोमवारपासून उसळ, भात, पराठे, परत उसळ.
समोरच्या भोयर वहिनींना वाटीभर दिली.
"ह्या दिवसांत मटार? फ्रीज बिघडला का?"
हो, म्हटलं.