रुमालाखाली

माझ्या सासऱ्यांच्या काळी सांगलीच्या पेठेत
हळदीचा भाव तोंडानं सांगत नसत.
दोघांचे हात, वर एक रुमाल,
आत बोटं दाबायची.
तीन बोटं, मग एक पेर, मग नुसती मान.
शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही
कुणाचं काय ठरलं.

आता सौदे उघड, बोलून होतात.
रुमाल आमच्या घरात आलाय.

म्हणजे चादर.
श्रेणिक झोपतो साडेबाराच्या पुढं,
आणि मग आम्ही बोलत नाही.
कुजबुजलं तरी उठतो,
उठला की पंखा, टॉर्च, फ्रीज, प्रश्न,
'आई, पाल झोपते का?'
म्हणून चादरीखालून यांचा हात येतो,
विचारतो, आज किती?

मी दाबते. चार.
मुजावरमामा उद्यापासून रिक्षात नको म्हणाले,
चालत्या रिक्षातून दप्तर फेकलं, स्वतःचं नाही, दुसऱ्याचं.
आवटी बाईंची लाल शाई :
पाल्य जागेवर बसत नाही. पालकांनी लक्ष द्यावे.
खालच्या मगदूमकाकू वर येऊन गेल्या, बोलल्या नाहीत,
नुसतं छताकडं बोट केलं. त्यांच्या छताकडं, म्हणजे माझ्या फरशीकडं.
आणि एक चप्पल. डावी. या महिन्यातली तिसरी.

लक्ष द्यावे.
अहो बाई, लक्ष सोडून माझ्याकडं दुसरं
उरलंय काय?
दूध उतू जाताना लक्ष त्याच्याकडं,
भावाच्या लग्नात अक्षता टाकताना लक्ष त्याच्याकडं,
मांडवात तो दिसला नाही तेव्हा
मी मुठीतल्या अक्षता तशाच घेऊन पळाले.
रात्री पर्समध्ये सापडल्या, पिवळ्या, कोरड्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी फॉर्म दिला होता.
कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, सतत.
आम्ही सतत, सतत, सतत करत खाली गेलो
परीक्षेत उत्तरं पाठ असल्यासारखे.
डॉक्टर म्हणाल्या, हा हट्ट नाही, तुमचं वळणही चुकलं नाही,
त्याचा मेंदू असा चालतो.
मग पेन ठेवून म्हणाल्या, आणि झोप लागते?
आम्ही दोघांनी श्रेणिककडं बघितलं.
'तुम्हाला विचारतेय,' त्या म्हणाल्या.

तिथं मला रडू आलं असं नाही.
तिथं मला भूक लागली. एकदम, भयंकर.
स्टँडवर उभ्या उभ्या तीन वडे खाल्ले.

सासूबाई म्हणतात, यांना पण लहानपणी असंच होतं,
दोन रट्टे दिले, सरळ आले.
हे ऐकताना हे वर्तमानपत्राचं एकच पान
दोनदा वाचतात.

मंगळवारी मी श्रेणिकला मारलं.
कारण सांगत नाही, कारण क्षुल्लक आहे.
दंडावर चार बोटं उठली.
घरात हळद कायमच चांगली, यांनी यार्डातून आणलेली,
तीच उगाळून लावली मी, माझ्याच बोटांवर माझीच बोटं.
तो स्थिर बसला. अर्धा मिनिट.
दोन वर्षांत मला हवा होता तो अर्धा मिनिट
असा मिळाला.
युनिफॉर्मच्या बाहीला डाग पडला. धुतला, उन्हात घातला,
घासला. हळद ती.

यांनी बाही बघितली. हे हळद ओळखतात,
चिमूट चोळून सांगतात कुठल्या गावची.
काही बोलले नाहीत.
रात्री चादरीखाली हात आला,
या वेळी एकच बोट.
तू?
मी दाबलं. एक.
हात निघून जाईल वाटलं.
गेला नाही. बराच वेळ नुसता घामेजला होता.
मग माझ्या तळव्यावर त्यांचं एक बोट दाबलं गेलं,
थांबलं,
आणि दुसरं.

म्हणजे दोनदा. कधी, ते विचारायला
बोटांत शब्द नाहीत.

लांब मिरजेकडं मालगाडी ओरडली.
आम्ही हात सोडले नाहीत, काही ठरलंही नव्हतं.
तेवढ्यात पलीकडच्या गादीवरून,
अजिबात झोपेतला नसलेला आवाज,
'पप्पा, कितीला गेली?'

एक वाजून वीस मिनिटं.
हे आधी हसले. मग मी दिवा लावला.