मागच्या बाकावरून

मी माणसं मानेवरून ओळखते.
एकवीस वर्षं शेवटून दुसऱ्या बाकावर बसल्यावर
दुसरं काय दिसणार?
रत्नाकर सातपुत्यांच्या कॉलरवरचा रफू,
सलोमीबाईंच्या अंबाड्यातली वाकडी पिन,
घाटग्यांच्या धाकट्याच्या कानामागचा तीळ.
चेहरे दारात भेटायचे,
छत्र्या शोधता शोधता सलाम म्हणायचे.

मार्चात पाळकसाहेबांनी देवळाला कुलूप घातलं
आणि किल्ली कुठं ठेवावी ते न सुचून
माझ्या हातात दिली. मी मंडळीची चिटणीस.
हजेरीचं रजिस्टर, पावतीपुस्तक, आता ही.
शाहूपुरीत इतकं सामसूम
की स्टेशनवरच्या कुत्र्याची जांभई ऐकू यावी.

उपासना फोनवर आली.
एलियाकाकांचा शास्त्रपाठ, मागं कुकरच्या शिट्ट्या.
आमेन नव्वद घरांतून यायचं,
पुढंमागं, गळक्या नळासारखं.
गाणं तर जमेचना.
शेवटी ठरलं, एकानं गायचं,
बाकीच्यांनी आवाज बंद करून ओठ हलवायचे.

मग विचारपुशीची यादी करायची निघाली
आणि पंचकमिटीत भांडण.
वॉर्डाप्रमाणं का आडनावाप्रमाणं?
मी म्हटलं, बाकाप्रमाणं करा.
दर रविवारी ज्याची मान बघता, त्याला फोन लावा.
हसले. दुसऱ्या दिवशी लावला.

"कसं आहे" विचारायचं नाही, असा नियम;
त्याला सगळे "बरं हाय" म्हणतात.
विचारायचं, "काय जेवलासा?"
भातावर आलेलं घर आवाजात कळतं.
मार्थाबाईंनी डब्याबरोबर घरटी एक बाटली धाडली,
कांदा-लसूण चटणीची. रोज सकाळी झाकण उघडायचं.
"आला वास?"
"आला की. डोळ्यात पाणी आलं."
पुढचा फोन.

सप्टेंबरात एका बुधवारी सातपुते म्हणाले,
"काईच न्हाई."
"परत बघा."
"बोट घालून बघितलं, चिटणीसबाई."

त्या रात्री किल्ली पहिल्यांदा लागली.
दाऊद चोपड्यानं उद्यमनगरातल्या फौंड्रीतून
टेम्पोत चार सिलिंडर आणले,
पाळकांच्या झग्याच्या खोलीत उभे केले.
एक सातपुत्यांकडं गेला.
बाकीच्यांसाठी कोण कोण येत राहिलं.
रजिस्टरात माझं अक्षर आहे:
"सिलिंडर दोन नंबर. रिक्षावाला, कसबा बावडा.
नाव विचारायचं राहिलं. आईसाठी."
खाली, वेगळ्या शाईत: "परत आला. भरून आणला."

सातपुते गेले. त्यांचा मुलगा विलगीकरणात,
आमच्यातले उचलणारे चौघंही घरात बंद.
बागवान गल्लीतली तीन पोरं आली,
प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळत.
मी फाटकाबाहेर, हातात फोन,
फोनमध्ये पाळकसाहेब प्रार्थना करताहेत,
मधेच रेंज जातेय.
एका पोरानं वळून विचारलं,
"काकी, तुमच्यात माती किती वेळा टाकायची?"
"तीनदा," म्हटलं.
त्यानं तीनदा टाकली.
मग जरा थांबून, आपल्याच मनानं, एकदा.

दिवाळीनंतर दारं उघडली.
एकाआड एक बाकावर चिकटपट्टी.
कबुतरांनी वरची खिडकी आपली केली होती,
आणि मला जागा मिळाली दुसऱ्या बाकावर.
पुढं कुणाचीच मान नाही.
नुसतं मेज, पांढरा कपडा, त्याची नीट न बसलेली घडी.
सातपुत्यांची जागा कुठं आली असती
ते मोजायला मागं वळणार होते.
वळले नाही. गाणं सुरू झालं होतं,
मुखपट्ट्यांमागून, घोंगडीतून आल्यासारखं,
पण एकाच वेळी.

सोमवारी सकाळी फोन वाजला.
घाटग्यांचा धाकटा.
"काकी, काय जेवलासा?"
"अरे, अजून नऊ वाजतायत."
"बरं. आणि काल मानेला पावडर लई झालती."