कुलाब्याचा काटा

हेलिकॉप्टरला आर्जवं कळत नाहीत, किलो कळतात.
कुलाब्याच्या हेलिपॅडवर बावीस वर्षं
मी हेच सांगत आलो
खलाशांना, आचाऱ्यांना,
एकदा एका ॲडमिरलच्या सुटकेसलाही.

आज जहाज नव्वद मैलांवर.
पंप हवाय, आत्ताच. खोक्यासकट १७८.
सोबत गोदीतला वेल्डर इनास परेरा,
बुटांसह एक्क्याण्णव.
"काल रात्री जेवलोसुद्धा नाही," तो म्हणाला.
काटा हलला नाही.

बारा किलो जास्त.
इंधन काढता येत नाही, वारा समोरून आहे.
टपालाची थैली चौदा.
मीच तिची गाठ तपासली, मीच खाली ठेवली.

तिच्यात एक पुडकं आहे:
सोडे, मोज्यांचे दोन जोड, आईचं तीन ओळींचं पत्र.
सब-लेफ्टनंट शर्वरी साळगावकर, इंजिन रूम.
पाचशे चाळीस ग्रॅम. घरीच मोजलं होतं,
पिठाच्या काट्यावर.

इनासनं माझ्या छातीवरचं नाव वाचलं,
थैलीकडे पाहिलं, आणि बूट काढू लागला.
"राहू दे रे. दीड किलोनं काय होतंय,
आणि तिथं डेक तापलेला असतो."

पंखा फिरला. टोपी काखेत धरली.
दारातून तो ओरडला, काही निरोप?
त्या आवाजात काय सांगणार.
बोटानं खोकं दाखवलं.

पंप बसवायला तीच असेल.
खोक्यावर खडूनं वजन लिहिलंय, माझ्या हातचं.
आठ मी उलटा काढतो, खालून वर.
तिला पाटीवर तसाच शिकवला होता,
बाई रागवायच्या.