अ‍ॅड-ऑन

तिस्कावरच्या बँकेत वेरेकर मॅडमनी
टेबलावर कार्डं मांडली, पिसलेल्या पत्त्यांसारखी.
हे पेट्रोलचं, पंपावर सरचार्ज माफ.
हे प्रवासाचं, विमानतळावर गादीच्या खुर्च्या
आणि फुकट चहा.
(माझा प्रवास कुर्टीहून इथवर, कदंबा बसने.)
हे खरेदीचं. पॉइंट साठतात,
साठले की मिक्सर.

मी पर्समधलं माझं काढलं.
"ह्याचा प्रकार कुठला?"
त्यांनी चष्मा वर केला. "हे अ‍ॅड-ऑन."
नाव माझं, अक्षरं बोटाला लागतात.
बिल मात्र जहाजावर, उल्हासला,
आणि तिथून प्रश्न येतो व्हॉट्सअ‍ॅपवर:
चौदा तारखेचे साडेसहाशे कसले?

बांगडे, उल्हास. आणि तुझ्या आईच्या चष्म्याची काडी.

पदेर अजून चौकटीवर खडूने रेघ ओढतो.
रेघ कुणाच्या नावावर, विचारत नाही.

"ठेवीवरचं मिळतं एक," मॅडम म्हणाल्या,
"पंधरा हजार ठेवा, बारा वापरा.
आपल्याच पैशांवर उधारी. हसू नका."

हसले नव्हते मी.
अबोलीचे वळेसर विकून
अठरा हजार झालेत, तांदळाच्या डब्यात, तळाशी.

"आणि किमान रकमेच्या नादी लागू नका,
सगळं फेडा. नाहीतर व्याज
उंदरासारखं शिरतं, आधी दिसत नाही."

फॉर्मवर व्यवसायाची ओळ.
गृहिणी लिहिलं, खोडलं. फुलं.
बिल पाठवायचा पत्ता:
घर नंबर आठवेना पटकन.
मग आठवला.